झेडएसएम-5 झिओलाइटमध्ये (बारीक भोकांचा सिलिकॉन-ॲल्युमिनियमचा स्फटिक) मेसोपोर, म्हणजे मोठी भोकं, येतच नाहीयेत, मदत हवी आहे

अर्धवट_पीएचडी: डिसिलिकेशन करतेय, म्हणजे सिलिकॉन विरघळवून भोकं पाडतेय. 0.2 मोलर कॉस्टिक सोडा, 65 अंश, अर्धा तास, सगळे करतात तसंच. एक्सआरडीत (क्ष-किरण चाचणी) पीक जागच्या जागी, म्हणजे जाळी शाबूत. पण पवईहून बीईटी (वायू शोषवून भोकं मोजायची चाचणी) आलं तर आयसोथर्म सपाट, हिस्टेरिसिस नावालाही नाही, म्हणजे मोठी भोकं नाहीतच. पुढे हाच उत्प्रेरक वापरून ॲनिसोलचं ॲसिलेशन (एक सेंद्रिय अभिक्रिया) करायचंय, सर रोज विचारतात. शुक्रवारी ग्रुप मीटिंग आहे, लवकर सांगा प्लीज.

बाष्पीभवन: जरा इस्कटून सांगा की. सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं गुणोत्तर किती? ग्रॅममागे द्रावण किती? नंतर अमोनियम एक्सचेंज (सोडियमच्या जागी अमोनियम बसवणं) केलंत का?

डबल_डिस्टिल्ड: पावसाळ्यात मुंबईत कॉस्टिकचे दाणे काट्यावर ठेवले की तिथेच पाणी सुटतं. तुमचं 0.2 हे 0.2 नसणारच. ऑक्झॅलिक ॲसिडने तपासा.

अर्धवट_पीएचडी: टायट्रेट केलंय हो, 0.198 आलं. ग्रॅमला 30 मिली. गुणोत्तर 30, बाटलीवरच छापलंय. 25 ते 50 ला भोकं नीट पडतात म्हणतात, त्यात बसतंय ना? एक्सचेंजचं नंतर बघू, आधी भोकं तर पडू देत.

नॅनो_नाना: कोरत कशाला बसता? मुळातच बारीक स्फटिक वाढवा. टीईओएस (सिलिकासाठी), भरपूर टीपीएओएच (ज्याच्याभोवती जाळी बनते तो साचा), पारदर्शक द्रावण, ऑटोक्लेव्ह. 100 नॅनोमीटरच्या आतले स्फटिक मिळतात. मूळ भोक जेमतेम 0.55 नॅनोमीटरचं, त्यातून रेणूला जायचं अंतरच कमी केलं की कोकही (कार्बनचा थर) उशिरा साचतो.

बाष्पीभवन: नाना, प्रत्येक धाग्यावर टीपीएओएच! त्याचं बिल कोण भरणार? आणि ते पांढरं दूध फिल्टर पेपरातून सरळ खाली जातं, जोरदार सेंट्रीफ्यूज लागतो. त्यांना शुक्रवारी उत्तर द्यायचंय.

माशांचा_मामा: झिओलाइट आमच्या टाकीत वर्षानुवर्षं आहे. अमोनिया मस्त खेचतो. मिठाच्या पाण्यात भिजवला की पुन्हा कामाला येतो. क्रॉफर्ड मार्केटला विचारा, पावडर नको, खडे घ्या.

दगडफोड्या: अवांतर: विकत कशाला? आपल्या दख्खनच्या बेसॉल्टात स्टिलबाइट, ह्यूलँडाइट खच्चून भरलेत. जळगाव, नाशिककडच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

बाष्पीभवन: धागा हायजॅक नको, मंडळी. अर्धवट_पीएचडी, तुमचं गुणोत्तर नीट मोजा: बाटलीवरचं 30 हे सिलिका भागिले ॲल्युमिना. एका ॲल्युमिनात ॲल्युमिनियमचे अणू दोन. म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियम तुमचं 15. ती 25 ते 50 ची खिडकी या दुसऱ्या आकड्याची आहे. जाळीतल्या ॲल्युमिनियमवर ऋण भार असतो, तो हायड्रॉक्साइडला जवळ येऊ देत नाही आणि शेजारचा सिलिकॉन वाचतो. 15 ला असे राखणदार जागोजागी, भोक पडणार कुठून? 50 ते 100 छापलेली बाटली घ्या.

डबल_डिस्टिल्ड: असहमत. 15 लाही होतं, कॉस्टिक बरंच तीव्र घ्यावं लागतं. मग सौम्य हायड्रोक्लोरिकने धुवा, नाहीतर सुटलेला ॲल्युमिनियमचा गाळ भोकांतच बसतो आणि बीईटी पुन्हा रडतं.

नॅनो_नाना: आणि बरीचशी पावडर सिंकमध्ये. म्हणून म्हणतो, टीपीएओएच.

अर्धवट_पीएचडी: शेजारच्या लॅबमध्ये 80 ची बाटली आहे! पण अमोनियम फॉर्म. आधी तापवून घ्यावी तर मफल भट्टी कोणीतरी रात्रभर अडवून ठेवलीय. तशीच कॉस्टिकमध्ये टाकली तर?

बाष्पीभवन: टाका, हुडमध्ये. अमोनियाचा वास येईल. गुणोत्तर 40, म्हणजे ग्रॅममागे अमोनियम साधारण 0.4 मिलीमोल. तुमच्या 30 मिलीत कॉस्टिक 6 मिलीमोल, फार फरक नाही. अर्धा तास झाला की भांडं लगेच बर्फात. आणि एक्सचेंज टाळू नका: सोडियम फॉर्मवर ॲसिलेशन होणार नाही. अमोनियम नायट्रेट, मग 550 अंशाला कॅल्साइन (भट्टीत तापवून अमोनिया उडवा, आम्ल रूप उरतं).

माशांचा_मामा: 80 वाला माशांना चालतो का?