मेघदूतावरचं क्रमांकित प्रिंट: घेताना आणि फ्रेम करताना काय बघू?

घर ठाण्यात, खाडीजवळ. ५० × ७० सेंमीचं सेरिग्राफ (जाळीच्या पडद्यातून शाई ओढून केलेलं छापचित्र) बघतोय, खाली १२/५०, म्हणजे ५० प्रतींपैकी बारावी, असं लिहिलंय. अस्सल कसं ओळखायचं? पावसाळ्यात टिकेल ना?

कागदवेडा: १० पट भिंग घ्या. रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली तर ती ऑफसेटवरची (छापखान्यातल्या यंत्रावरची) नक्कल. सेरिग्राफमध्ये शाईचे सलग थर दिसतात, कडेला किंचित उंचवटा असतो. सही आणि क्रमांक पेन्सिलीने हवेत. पेन्सिल छापलेली असेल तर तिरप्या उजेडात कागदावर दाब दिसत नाही. १२ ऐवजी ४० मिळाला तरी बिघडत नाही. ५० प्रतींखेरीज कलावंताने स्वतःसाठी राखलेल्या जादा प्रती किती, तेवढं मात्र लेखी घ्या.

खाडीकाठ: खरा शत्रू ओल. चित्र चारही बाजूंनी चिकटवू देऊ नका, कागद दमटपणात फुगतो आणि लाटा येतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोनच पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. सेलोटेप अजिबात नको, पिवळे डाग जात नाहीत. माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) आम्लमुक्त, सुती. काचेला कागद टेकला तर शाई चिकटते.

कागदवेडा: आणि बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, जुलैत ती पाझरते. फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना रबरी बुटं (छोटे टेकू) लावून १ सेंमी हवा खेळू द्या.