व्हर्टस जीटीला १८ इंची चाकं बसवू का? आंबा घाटात पावसात घसरेल का?

कोल्हापूरी_टर्बो:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे, १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल), डीएसजी (ऑटोमॅटिक गिअर). कंपनीचे टायर २०५/५५ आर१६ आहेत (२०५ मिमी रुंद, भिंत रुंदीच्या ५५ टक्के, १६ इंची रिम) आणि आता संपत आलेत, त्यामुळे बदलायचेच आहेत तर म्हटलं एकदाच काय ते करून टाकू. १५० पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्कची गाडी, पण बाजूने बघितलं की चाकाच्या वर एवढी मोठी पोकळी दिसते की मन खट्टू होतं. इथला एक अलॉयवाला म्हणतो १८ इंची घ्या, रिम ७.५ इंच रुंद, त्यावर २२५/४० टायर, "साहेब आरामात बसतं, काही घासत नाही." महिन्यातून एक-दोनदा आंबा घाटातून रत्नागिरीला जाणं होतं, पावसाळ्यात पण. रुंद टायर म्हणजे पावसात ग्रिप जास्त असं माझं गणित आहे. बजेट साधारण लाखाच्या आत. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही 😅 काय करू?

घाटवेडा:
भावा आधी पावसाचं गणित सोडव, ते उलटं आहे. टायर रुंद केला की रस्त्याला टेकणारा भाग आडवा वाढतो आणि लांबीला कमी होतो, एकूण क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही कारण ते मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचं प्रेशर यावर ठरतं. कोरड्या वळणावर याचा फायदा आहे, गाडी पटकन वळते. पण साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारायला लागतं, म्हणून तो अरुंद टायरपेक्षा कमी स्पीडला पाण्यावर तरंगायला लागतो. ओल्या रस्त्यावर पकड येते ती रबराच्या कंपाउंडमधून आणि खाचांमधून. साध्या कंपनीचा २२५ घेण्यापेक्षा २०५ मध्ये चांगला टायर घेतलास तर आंब्यात जास्त निर्धास्त राहशील, आणि अलॉयचे पैसे वाचतील ते वेगळे.

आता १८ बद्दल. टायरची भिंत किती राहते ते बघ. तुझ्या आत्ताच्या टायरची भिंत जवळजवळ ११३ मिमी आहे, २२५/४० ची ९०. म्हणजे २३ मिमी रबर गेलं. मलकापूरच्या पुढचे खड्डे तुला मी सांगायला नको.

नाशिककर_मोड्स:
मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. सगळे इंचावरच अडतात, खरा घोळ ऑफसेटमध्ये असतो. अलॉयच्या मागे ईटी लिहून आकडा असतो, तो म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे. समज जुनी रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४० आहे, नवीन ७.५ आणि ईटी तोच. रुंदी दीड इंच म्हणजे ३८ मिमी वाढली, ती निम्मी आत आणि निम्मी बाहेर, म्हणजे १९ मिमी स्ट्रटकडे (सस्पेन्शनचा दांडा) सरकलं आणि १९ मिमी फेंडरकडे (चाकावरचा पत्रा). आता त्याच रिमचा ईटी ३५ असेल तर बाहेर २४ आणि आत १४. म्हणजे "७.५ बसतं" या वाक्याला काही अर्थच नाही जोपर्यंत ईटी सांगत नाही. तुझ्या अलॉयवाल्याला विचार ईटी किती, त्याला सांगता आलं नाही तर दुकान बदल.

आणि हो, पीसीडी ५×१०० (पाच बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर) आणि रिमचं मधलं भोक ५७.१ मिमी. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक मोठं असतं म्हणजे चाक हबवर न बसता फक्त बोल्टवर लटकतं आणि मग ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, लोक दहा वेळा बॅलन्सिंग करून घेतात आणि दोष टायरला देतात. ही फट भरणारी हब रिंग नीट मापाची घे. बोल्टचं पण बघ, फोक्सवॅगनचा बोल्ट एम१४×१.५ आणि त्याची बैठक (रिमला टेकणारा भाग) गोल असते, बाहेरच्या अलॉयची बहुतेक वेळा कोनाची असते. जुने बोल्ट तसेच ठोकले तर बैठक नीट बसत नाही आणि चाक सैल होऊ शकतं. हा मजेचा विषय नाही. आवळताना टॉर्क रेंचने १२० एनएम, गनने नुसतं ढर्र करून सोडू देऊ नको.

ठाणे_ते_कुठेही:
अरे पण १८ ला दिसते ना भारी 🔥 माझ्या मित्राने स्कोडा स्लावियाला १८ टाकलेत, गाडी रस्त्यावर उभी असली तरी लोक फोटो काढतात. खड्डा दिसला की हळू घ्यायची, एवढं काय. आयुष्य एकदाच मिळतं.

घाटवेडा:
@ठाणे_ते_कुठेही दिवसा दिसलेला खड्डा वाचवता येतो रे, पाण्याने भरलेला नाही. मित्राला विचार टायरला फुगे किती आले आणि रिम किती वेळा सरळ करून आणली.

ठाणे_ते_कुठेही:
@घाटवेडा रिम एकदा केली सरळ, बरोबर पकडलंस 😂

बाडेन_मधला_पुणेकर:
इकडे जर्मनीत हाच प्रकार वेगळा चालतो. चाक त्या गाडीला, त्या टायर साइझसोबत मंजूर आहे याचा कागद असावा लागतो आणि गरज पडेल तिथे तपासणी करून नोंद करावी लागते, दुकानदार म्हणाला म्हणून बसवलं असं चालत नाही. भारतात एवढी कडक पद्धत नाही पण मोकळं रानही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. त्यामुळे व्यास मूळच्या जवळ ठेव, फेंडरच्या बाहेर टायर येऊ देऊ नको, विमा कंपनीला लेखी कळव आणि अलॉय पॉलिसीत अॅक्सेसरी म्हणून टाकून घे. नाहीतर क्लेमच्या वेळी वाद नक्की.

नाशिककर_मोड्स:
बरोबर, व्यासाचंच लिहायचं राहिलं. मूळ २०५/५५ आर१६ चा व्यास ६३२ मिमी. २२५/४५ आर१७ चा ६३४, म्हणजे अर्धा टक्का पण फरक नाही, स्पीडोमीटर तसाच राहतो आणि स्टेपनी मूळ मापाची असली तरी अडचण नाही. काही दुकानदार २१५/५० आर१७ गळ्यात मारतात, तो ६४७ येतो, जवळपास अडीच टक्के मोठा. काटा १०० दाखवत असेल तेव्हा चाकं आधीपेक्षा अडीच किमीने जास्त पळतात, चाकावरच्या आर्चमधली जागा पण कमी होते.

लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) पण बघा रे लोकहो, कुणीच बघत नाही. तुझा आत्ताचा ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. २१५/४५ आर१७ साध्या टायरमध्ये ८७ मिळतो म्हणजे ५४५. पाच माणसं, डिकी भरलेली आणि घाट, तेव्हा ते ७० किलो महत्त्वाचे असतात. २२५/४५ मध्ये ९१ किंवा ९४ मिळतो. ९४ वाला एक्स्ट्रा लोड असतो, त्यात गाडीच्या स्टिकरवर दिलेल्या हवेपेक्षा एक-दोन पीएसआय जास्त ठेव.

कोल्हापूरी_टर्बो:
बाप रे, एवढं सगळं असतं होय. अलॉयवाल्याला फोन करून ईटी विचारला तर म्हणतो "साहेब तुम्ही टेन्शन घेऊ नका." 🙏 १८ रद्द. आता १७ वर २२५/४५ की आहे त्या रिमवरच चांगला २०५ एवढंच ठरवायचंय. मायलेज आणि पिकअपला किती फरक पडेल?

घाटवेडा:
रिमचं वजन किती यावर आहे. स्वस्तातली ओतीव १७ ची रिम मूळ १६ पेक्षा दीड-दोन किलोने जड सहज असते, वर रुंद टायरचं वजन. ते फिरणारं वजन आहे त्यामुळे सिग्नलवरून निघताना आणि ब्रेकला जाणवतं. मायलेज थोडं पडणारच, रुंद टायरचा रोलिंग रेझिस्टन्स जास्त. फ्लो फॉर्म्ड (ओतून मग दाबून पातळ केलेली) रिम हलकी असते पण मग तुझं लाखाचं बजेट ताणतं. मी असतो तर यंदा पावसाळ्याच्या आधी २०५ मध्ये चांगले टायर आणि अलाइनमेंट केलं असतं. पोकळी मनाला फारच लागत असेल तर पुढच्या सेटला १७.

नाशिककर_मोड्स:
मी १७ च्या बाजूने, पण बसवायच्या आधी एक चाक पुढे आणि एक मागे घालून दुकानातच तपासून घे. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळव, मागे तीन माणसं बसव आणि एखाद्या स्पीड ब्रेकरवरून हळू काढ. आतल्या बाजूला स्ट्रट आणि टायरमध्ये बोट तरी जायला पाहिजे. दुकानदार नाही म्हणाला तर आगाऊ पैसे देऊ नको. शेवटी टायर प्रेशर वॉर्निंग नव्या टायरवर रीसेट कर, त्या गाडीत ते चाकाच्या फिरण्यावरून अंदाज घेतं, जुनी नोंद राहिली तर उगाच दिवा लागतो.

कोल्हापूरी_टर्बो:
ठरलं, आत्ता २०५ च, वेट ग्रिप चांगली असलेला. शनिवारी बसवून घेतो. घाटवेडा, रत्नागिरीला जाताना साखरप्याला चहा माझ्याकडून.

घाटवेडा:
चहासोबत भजी पण. नवे टायर पहिले दोन-तीनशे किमी जरा जपून चालव, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही.