प्रभागातील उद्यानात ज्येष्ठांसाठी नेमके काय मागावे?

प्रश्न
आमच्या प्रभागातील जुन्या उद्यानाचे नूतनीकरण होणार असून रहिवाशांकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. आराखड्यात ज्येष्ठांसाठी म्हणून कारंजे आणि ओपन जिम दाखवली आहे. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. तिथल्या बिनपाठीच्या ग्रॅनाइटच्या ठोकळ्यांवर ते बसतात खरे, पण उठताना दोन्ही तळवे मांड्यांवर रोवून तीनदा पुढे झोके घेतात आणि तरीही कुणाचा तरी हात धरावाच लागतो. गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी तिकडे जाणेच सोडले आहे. सूचनांमध्ये काय लिहावे?

उत्तर १
बाकापासूनच सुरुवात करा. बैठक जमिनीपासून ४५ ते ५० सेंटिमीटर उंच असावी, बाकाला पाठ असावी आणि दोन्ही बाजूंचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले असावेत. बैठकीखालची जागा मोकळी ठेवण्याचा आग्रह अवश्य धरा, कारण उठताना माणूस पाय मागे ओढून घेतो आणि भरीव ठोकळ्यात ते मागे जाऊच शकत नाहीत. ओपन जिमच्या खर्चात असे बरेच बाक होतील आणि पुढचा बाक नजरेच्या टप्प्यात दिसला की थकलेला माणूसही चालायला धजावतो.

उत्तर २
प्रवेशद्वाराकडेही पाहा. उताराचे प्रमाण १:१२ असावे, म्हणजे १५ सेंटिमीटरची पायरी टाळायची तर १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. जागा वाचवण्यासाठी तो निम्म्यावर आणला की आधाराशिवाय चढवत नाही. कठडा दोन्ही बाजूंना हवा, कारण पक्षाघाताने एक हात दुर्बळ झालेल्या माणसाची धरण्याची बाजू जाताना एक आणि परतताना दुसरी असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक ठिकाणांच्या सुगम्यतेची तरतूद आहे, तिचा उल्लेख करा.

उत्तर ३
उद्यानासमोरचा रस्ता विसरू नका. सेकंदाला १.२ मीटर या वेगाने १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत ओलांडता येतो, परंतु ०.८ मीटरने चालणाऱ्याला १५ सेकंद लागतात. सिंगापूरमध्ये २००९ पासून ज्येष्ठांनी सिग्नलच्या खांबावर कार्ड टेकवले की हिरव्या दिव्याची वेळ वाढते.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. आज मोजून पाहिले: घरातील जेवणाची खुर्ची, जिच्यावरून वडील स्वतःच उठतात, ती ४६ सेंटिमीटर आहे आणि उद्यानातला ठोकळा ३७. दोन्ही आकडे अर्जात लिहितो. सिग्नलचे सेकंद उद्या वडिलांसोबतच मोजणार आहे.