गाठी वरून बांधून येतात म्हणे

लोक म्हणतात की लग्नाच्या गाठी वरच बांधलेल्या असतात, आपण नुसते निमित्त. मग पत्रिका घेऊन ३६ पैकी किती गुण जुळले ते कशाला मोजत बसतो आपण? ठरलेलंच असेल तर नाडीच्या ८ गुणांवरून चांगली स्थळं का नाकारायची, हे मला आजवर कळलेलं नाही.

मला या विषयात पंडिता रमाबाई आठवतात. आईवडील दुष्काळाच्या काळात गेले, मग भाऊही गेला, हे काय त्यांनी निवडलं नव्हतं. पण १८८० मध्ये वेगळ्या जातीच्या बंगाली वकिलाशी, बिपिन बिहारी मेधावींशी, रजिस्टर लग्न केलं ते मात्र स्वतःच्या मनाने, त्या काळात, विचार करा! आणि दोन वर्षंही झाली नाहीत तोवर कॉलऱ्याने नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. आता याला नशीब म्हणा हवं तर, मी वाद घालणार नाही. पण तेव्हाच्या विधवेसाठी जो कोपरा ठरलेला होता तिथे त्या बसल्या नाहीत, इंग्लंड-अमेरिका करून १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. हे कुठल्या पत्रिकेत लिहिलेलं होतं ते नशीबवाल्यांनी सांगावं, मी वाचतोय.