सल्ला हवा: कुत्र्याची खाज थांबतच नाही, कुठलं खाणं आणि कुठला शाम्पू?

बंड्याची_आई

आमचा बंड्या साडेतीन वर्षांचा लॅब्रेडॉर. दोन वर्षं झाली, खाज पाठ सोडत नाही. पंजे चाटून चाटून बोटांमधले केस तांबूस झालेत, काखा आणि पोट लालभडक, कान सारखे वाहतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या की शहाणं बाळ. संपल्या की आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. शिवाय गोळ्या चालू असताना सतत पाणी पितो, मग रात्रीतून दोनदा बाहेर न्यायचं.

खाणं तीनदा बदललं, दरवेळी दोन-तीन आठवडे. 'धान्यविरहित'सुद्धा आणून झालं. फरक शून्य. रात्री त्याच्या पट्ट्याची खळखळ ऐकू आली की आम्ही दोघंही उठून बसतो. एखादं चांगलं खाणं आणि चांगला शाम्पू सुचवाल का?

काळीपांढरी

ताई, शाम्पूकडे येतेच, पण आधी एक विचारते. बंड्याच्या अंगाला, विशेषतः कानांना आणि पंजांना, आंबूस कुबट वास येतो का? आणि डॉक्टरांनी कातडीवर चिकटपट्टी दाबून ती मायक्रोस्कोपखाली कधी पाहिली आहे का?

आमच्याकडेही अशीच खाजरी पोरगी नऊ वर्षं होती. पहिली दोन वर्षं आम्ही अ‍ॅलर्जीशी भांडत बसलो आणि अर्धी खाज निघाली मॅलासेझिया नावाच्या यीस्टची, म्हणजे एका बुरशीची. अ‍ॅलर्जीने कातडी कमकुवत होते, मग यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस नावाचे जिवाणू हे तिथलेच भाडेकरू मालक होऊन बसतात. ते आहेत तोवर कुठलंही खाणं बदला, कळणार काहीच नाही. कानातलाही नमुना तपासून घ्या. दरवेळी तेच थेंब घालत राहण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे पिसवा. दिसत नाहीत म्हणून नाहीत असं समजू नका, खाजरं कुत्रं त्या चाटून गिळून टाकतं. पिसवांची अ‍ॅलर्जी बहुधा शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर दिसते. तुमच्या वर्णनात ती जागा नाही, तरी औषध बारा महिने आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांना द्या. मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध तिच्यावर चुकूनही नको, जीव जाऊ शकतो. आणि कातडी खरवडून तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. खरजेचे किडे अ‍ॅलर्जीचं सोंग हुबेहूब वठवतात.

आता खाणं. दोन-तीन आठवड्यांत उत्तर मिळत नाही, निदान ८ आठवडे लागतात. धान्याचा बाऊ उगाच झालाय. गव्हाने त्रास होणारी कुत्री आहेत, पण गोमांस, दूध, चिकन ही नावं जास्त वेळा निघतात. म्हणजे पाकीट बदललं आणि आत पुन्हा चिकनच असेल, तर तुम्ही काही बदललंच नाही. चाचणीसाठी हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाणं घ्या, त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला सहसा ओळखू येत नाहीत. नाहीतर त्याने आजवर न खाल्लेलं एकच मांस, तेही डॉक्टरांना विचारून. त्या काळात चव लावलेली गोळी, चघळायचं हाड, टूथपेस्ट, सगळं बंद. खाज कमी झाली तर जुनं खाणं पुन्हा देऊन बघायचं. परत वाढली तरच खाण्याची अ‍ॅलर्जी म्हणायची. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

शाम्पू क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा, आठवड्यातून एक-दोनदा. फेस अंगावर १० मिनिटं राहू द्या. घड्याळ लावा, नाहीतर दोन मिनिटांतच दहा झाल्यासारखी वाटतात.

शेपूट

वरच्या सगळ्याला अनुमोदन. हे करूनही खाज उरली तर ती बहुधा हवेतल्या-धुळीतल्या गोष्टींची, म्हणजे अ‍ॅटोपी. ती जात नाही, सांभाळावी लागते. पण त्यासाठी आयुष्यभर स्टेरॉइड असं काही नाही. खाज थांबवणाऱ्या ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या आहेत (वर्षाच्या आतल्या पिल्लांना चालत नाहीत), लोकिवेटमॅबचं इंजेक्शन आहे, ते साधारण ४ ते ८ आठवडे पुरतं. आमच्याकडे पाचव्या आठवड्यात पुन्हा पंजे चाटणं सुरू होतं, आम्ही कॅलेंडरच लावलंय. सायक्लोस्पोरिन सावकाश लागू पडतं, महिना-दीड महिना धीर धरावा लागतो. चाचणी करून अ‍ॅलर्जीची लस टोचत राहणं हाही मार्ग आहे, मात्र तिचा निकाल लावायला वर्ष द्यायचं.

आणि स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका. हळूहळूच उतरवायची असतात.

निवांत_०७

टी ट्री ऑइल लावून बघा, नैसर्गिक आहे.

काळीपांढरी

नको! कुत्र्यांना ते विषारी आहे, आणि बंड्या तर चाटणारा. माणसांची मलमंही नकोत, त्यातलं झिंकसुद्धा पोटात गेलं की बाधतं.

घरकोंबडा

केस किंवा लाळ पाठवून खाण्याची अ‍ॅलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. त्या भरवशाच्या नाहीत. आम्ही घालवून झालेत.

बंड्याची_आई

सगळ्यांचे आभार, कळवायला उशीर झाला. काळीपांढरीताई, यीस्टच निघालं, कानात आणि पंजांत भरपूर. औषध आणि आठवड्यातून दोनदा अंघोळ. रोज रात्री खाजेला दहापैकी गुण देऊन लिहून ठेवते. ८ वरून ५ वर आलोय. पट्टा रात्री काढूनच ठेवतो आता, आधी का सुचलं नाही कोण जाणे.

हायड्रोलाइज्ड खाण्याचा काल ३१वा दिवस होता आणि आमच्या धाकट्याने टेबलाखालून त्याला बिस्किट भरवलं. अख्खं. आता मोजणी परत १ पासून का?

काळीपांढरी

लगेच नाही. तारीख लिहा आणि दोन आठवडे गुणांवर लक्ष ठेवा. ५ चे ७-८ झाले तर डॉक्टरांना सांगा आणि खाज खाली आल्यावर पुन्हा मोजायला लागा. नाही वाढले तर तशाच पुढे जा. बिस्किटाचं पुडकं मात्र फेकू नका, त्यात दूध आहे की गहू ते लागेल. धाकट्याला रागावलात का?

बंड्याची_आई

रागावले. दोघंही टेबलाखाली जाऊन बसलेत.