मदत हवी आहे: पीसी आत्ता बांधू की नवीन ग्राफिक्स कार्ड येईपर्यंत थांबू?

भावांनो, बजेट ५५ हजार, मॉनिटर आहे जुना १०८०पी वाला, फक्त कॅबिनेट आणि आतलं सगळं घ्यायचंय. उसाचं बिल जमा झालं म्हणून बाबांनी पहिल्यांदाच एवढी रक्कम दिलीय, त्यामुळं एक रुपया पण वाया जाऊ नये असं मनापासनं वाटतंय.

कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम घे, स्वस्तात बसतंय. पण त्या बोर्डाचं एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, २०१६ पासनचं, पुढं नवीन पिढीचा प्रोसेसर त्यावर बसणारच नाही, आणि त्यापुढचं एएम५ घ्यावं तर रॅम डीडीआर५च लागते, मग ग्राफिक्स कार्डाला पैसे उरतात कुठं?

त्यात मित्र म्हणतोय नवीन कार्डं येणारेत, थांब, जुन्यांचे दर उतरतील. खरंच उतरतात का इथं? मला तर वाटतं आपल्याकडं जुना स्टॉकच संपतो आधी.

व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, थोडं व्हिडिओ एडिटिंग. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी मेमरीवालं घेऊ का ४०६० चं ८ जीबी? पॉवर सप्लाय किती वॅटचा? कोल्हापुरात कुणी एवढ्यात बांधला असेल तर कुठनं घेतला, बिल आणि वॉरंटी नीट मिळाली का, तेवढं सांगा की.