स्थानिक वृत्तपत्रांतील उमेद देणाऱ्या बातम्या कशा निवडाव्यात? (रत्नागिरी–सिंधुदुर्ग)

दापोलीचा_वाचनकट्टा

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांसाठी सामूहिक वाचनाची बैठक भरते. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांना वृत्तपत्र वाचून दाखवावे हा तिचा मूळ हेतू आहे. परंतु महामार्गावरचे अपघात, घरफोड्या आणि पुढाऱ्यांचे आरोप-प्रत्यारोप वाचण्यातच बहुतेक वेळ जातो आणि मंडळी खिन्न मनाने घरी परततात. म्हणून जिल्ह्यातील दैनिके व साप्ताहिके नियमितपणे चाळावीत आणि आपल्याच मुलखातील माणसांनी केलेल्या चांगल्या कामांच्या बातम्यांची एक कात्रणवही तयार करावी, असे आम्ही ठरवले आहे.

काम सुरू केल्यावर दोन अडचणी जाणवल्या. पहिली अशी की सत्कार, शुभेच्छा, भूमिपूजने आणि पदनियुक्त्या यांच्या गर्दीत खरोखर उमेद देणारी बातमी ओळखणे सोपे नाही. दुसरी अशी की अशा बातम्या कोणत्या पानावर आणि वर्षाच्या कोणत्या काळात अधिक येतात, याचा आम्हांला अंदाज नाही. ज्यांनी या वृत्तपत्रांत काम केले आहे किंवा जे ती सातत्याने वाचतात, त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना_वार्ताहर_राजापूर

आपला उपक्रम वाचून फार समाधान वाटले. मी बरीच वर्षे तालुक्यातून बातम्या पाठवत असे, त्यामुळे आतली रीत थोडी सांगतो.

आपल्याकडचा तालुका वार्ताहर हा क्वचितच पूर्णवेळ पत्रकार असतो. तो शिक्षक असतो, दुकानदार असतो किंवा आंब्याची कलमे सांभाळणारा बागायतदार असतो, आणि बातमीसाठी त्याला मिळणारे मानधन नाममात्र असते. यातून दोन गोष्टी घडतात. ज्याने छापील मजकूर आणून दिला त्याची बातमी सहज लागते, म्हणूनच सत्कार आणि नियुक्त्या इतक्या दिसतात. मात्र तोच वार्ताहर त्या वाडीत राहत असल्यामुळे, जिल्ह्याच्या गावी बसलेल्या कोणालाही कधी कळली नसती अशी गोष्ट तो चार ओळींत लिहून पाठवतो. जागा कमी असल्यामुळे ती आतल्या तालुका पानावर तळाशी जाते. आपण शोधत आहात ते बहुतेक तिथेच सापडेल, त्यामुळे पहिले पान बाजूला ठेवून तालुका पानापासून वाचायला सुरुवात करावी.

काळाविषयी सांगायचे तर, पाऊस ओसरला की ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत बंधाऱ्यांच्या बातम्या येतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तरीही तीव्र उतार आणि सच्छिद्र जांभा दगड यांमुळे पाणी टिकत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून गावकरी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून पऱ्यावर किंवा वहाळावर, म्हणजे ओढ्या-नाल्यावर, श्रमदानाने कच्चे व वनराई बंधारे घालतात. जानेवारी-फेब्रुवारीत शाळांचे वर्धापनदिन आणि माजी विद्यार्थ्यांचे मेळावे असतात, आणि शाळेची गळकी कौले किंवा बंद पडलेली प्रयोगशाळा कोणी दुरुस्त करून दिली, हे त्या वृत्तांतांत ओझरते आलेले असते. दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर कोकण विभागीय मंडळ राज्यात पहिले आले, ही बातमी दरवर्षी ठळकपणे येते आणि तिचा अभिमान आहेच. पण त्या आठवड्यात, रोज खाडी ओलांडून किंवा पहाटेची एसटी गाठून शिकलेल्या मुलांविषयी जी लहान चौकट येते, ती आपल्या वहीसाठी अधिक मोलाची आहे. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावी आले की गावाच्या बैठका होतात आणि साकव (ओढ्यावरचा लहान पूल), स्मशानशेड, वाचनालय यांचे निर्णय तेव्हा होतात, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या मुलखाचे या व्यवसायाशी जुने नाते आहे. १८३२ साली ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे, आणि त्या पत्राचा पहिला अंक निघाला तो ६ जानेवारी हा दिवस राज्यभर पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या तालुक्यातील वार्ताहरांना बैठकीला बोलवावे. त्यांनी लिहिलेले पण जागेअभावी न छापले गेलेले पुष्कळ काही त्यांच्याजवळ असते.

वाशिष्ठीकाठची

वरील प्रतिसादातील बंधाऱ्याच्या उदाहरणाला जोडूनच लिहिते, कारण निवडीचा प्रश्न मला त्यातूनच सुटताना दिसतो. बंधारा बांधल्याची बातमी नोव्हेंबरात छायाचित्रासह येते. त्या बंधाऱ्यामुळे खालच्या विहिरींची पातळी टिकली की नाही, हे एप्रिलमध्ये कळते, आणि तेव्हा बहुधा बातमी येत नाही. म्हणून आपल्या कात्रणवहीत प्रत्येक कात्रणासमोरचे पान कोरे ठेवावे आणि पाच-सहा महिन्यांनी त्या गावातील कोणाला तरी विचारून पुढे काय झाले ते तिथे लिहावे. आपण दापोलीत आहात आणि बातमी मंडणगडची किंवा खेडची आहे, त्यामुळे हे आपल्याला शक्य आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या मोठ्या वृत्तपत्राच्या वाचकाला ते शक्य नसते. स्थानिक वृत्तपत्र वाचण्याचे सर्वांत मोठे बळ मला यातच वाटते.

मंडणगड तालुक्यातील वेळास या किनाऱ्यावरच्या गावाचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी पूर्वी माणसे नेत, कोल्ही-कुत्री खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे संरक्षणाचे काम सुरू केले. ग्रामस्थ रात्री किनाऱ्यावर गस्त घालून घरटी शोधू लागले, अंडी कुंपणाच्या आत हलवून पुन्हा वाळूत पुरू लागले, आणि साधारण पन्नास-साठ दिवसांनी बाहेर पडणारी पिल्ले समुद्रात सोडू लागले. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुण्यांची सोय गावातील घरांत होऊ लागली आणि कासव जगवण्यात गावाचाही चरितार्थ गुंतला. पुढे वन विभागाच्या पाठबळाने हे काम आपल्या तालुक्यातील आंजर्ल्यासह अनेक किनाऱ्यांवर पोहोचले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह संदेशक बसवून तिला समुद्रात सोडण्यात आले. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालायला आलेली आढळली, ही बातमी तर आवर्जून वाचून दाखवावी, कारण पूर्व किनाऱ्याचे कासव आपल्या किनाऱ्यावर येते याचा तो प्रत्यक्ष पुरावा ठरला. या सर्व वर्षांत ज्या लहान लहान बातम्या येत गेल्या, त्यांतली कोणतीही एकटी वाचली तर साधी वाटते. ओळीने लावल्या की एका किनाऱ्याचे बदललेले जीवन समोर येते.

कातळशिल्पांचे, म्हणजे कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांचेही असेच आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारे, पायांखाली घालत, गुराख्यांना आणि वृद्ध ग्रामस्थांना विचारत फिरले. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे अशा गावांतील चित्रांची नोंद होत गेली आणि २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पस्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. ज्या आजोबांनी ‘आमच्या सड्यावर अशी चित्रे आहेत’ एवढेच सांगितले, त्यांचाही या कामात वाटा आहे. तो वाटा स्थानिक अंकातच नोंदला जाऊ शकतो.

सत्काराची बातमी सरसकट टाकून देऊ नये, असे मला वाटते. सत्कारमूर्तीने काय केले हे एका वाक्यात तरी लिहिलेले असेल, तर तेवढे वाक्य उतरवून घ्यावे आणि व्यासपीठावरील मान्यवरांची नावे सोडून द्यावीत.

बोरिवलीकर_मूळ_वेंगुर्ला

थोडी भर घालतो. दैनिकांइतकेच साप्ताहिकांकडे लक्ष द्यावे. वेंगुर्ल्याचे ‘किरात’, सावंतवाडीचे ‘वैनतेय’, रत्नागिरीचे ‘बळवंत’ ही आपल्या भागाची जुनी नावे आहेत. साप्ताहिकाला रोजची घाई नसल्यामुळे एखाद्या कामाविषयी सविस्तर लिहिलेले तिथे सापडते. मुंबईत राहूनही गावच्या वार्ता आम्हांला टपालाने येणाऱ्या अंकांतूनच कळत असत.

आमच्या वेंगुर्ल्यात नगर परिषदेने घरोघरी कचरा वेगळा करण्याची सवय लावली, कचरा टाकण्याच्या जागेचे रूपांतर बागेत केले आणि ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार केला. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. ही कामे पुढे सर्वत्र गाजली, परंतु गावकऱ्यांच्या शंका आणि सुरुवातीचा विरोध यांसह संपूर्ण हकीकत हवी असेल, तर त्या त्या वेळचे स्थानिक अंकच पाहावे लागतील. जुन्या अंकांसाठी रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात, ज्याची स्थापना १८२८ ची आहे, तसेच त्या त्या साप्ताहिकाच्या कार्यालयात बांधीव फाइलींची चौकशी करावी.

दापोलीचा_वाचनकट्टा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोऱ्या पानाची सूचना आम्ही लगेच अमलात आणत आहोत. एक शंका उरते. निसर्ग चक्रीवादळात आमच्या तालुक्यातील माड-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. त्या काळातील बातम्या निवडाव्यात का? काही सभासदांना ती आठवण नकोशी वाटते.

वाशिष्ठीकाठची

त्या वर्ज्य करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, म्हणजे आमचे ‘लोटिस्मा’, १८६४ पासूनचे आहे. २००५ च्या पुरात आणि पुन्हा २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याच्या ग्रंथसंपदेची फार मोठी हानी झाली. पुराची बातमी तेवढ्यावर संपली असती, तर ती आपल्या वहीत घेण्याचे कारण नव्हते. परंतु घराघरांतला चिखल काढायला घाटावरून आणि शेजारच्या तालुक्यांतून तरुण आले, आणि वाचनालयही पुन्हा उभे राहिले. हे सारे त्याच दिवसांच्या स्थानिक अंकांत पुराच्या बातमीच्या बाजूला छापलेले आहे. हानी किती झाली हे ठाऊक नसेल, तर उभारणी किती मोठी होती हे ऐकणाऱ्याला समजणार नाही.

आपल्याकडे निसर्ग चक्रीवादळाच्या, म्हणजे ३ जून २०२० नंतरचे अंक काढावेत आणि कोणत्या बागायतदारांनी नव्याने माड-सुपारीची रोपे लावली, ते पाहावे. सुपारी आणि माड यांना उत्पन्नाला येण्यास काही वर्षे लागतात, त्यामुळे त्या बातम्यांच्या समोरचे कोरे पान भरण्याची वेळ आता आली आहे. ज्या सभासदांच्या स्वतःच्या बागा गेल्या होत्या, त्यांनाच ते पान लिहायला सांगावे. आठवण नकोशी वाटते म्हणणाऱ्यांपैकी काहींनी स्वतः रोपे लावली असण्याची शक्यता आहे, तेव्हा आधी त्यांना विचारूनच पुढे जावे.